जंतू आटोक्यात आले, तरी ताप का? पेशी कशी मेली आणि ती कुणी उचलली, यावर बरंच आहे

सिन्नरहून एका मुलाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६३ वर्षांचे, मधुमेह जुना. न्यूमोनिया झाला म्हणून नाशिकला आणून ॲडमिट केलं, आज सातवा दिवस. रक्त आणि थुंकी दोन्हींच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. तरी सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) १४० च्या आसपास अडकलाय आणि संध्याकाळी ताप चढतोच. डॉक्टर म्हणाले, 'जंतू आटोक्यात आहेत, आता ही सूज मेलेल्या पेशींमुळे आहे.' त्यावर या मुलाचे तीन प्रश्न आहेत. शरीरात रोज एवढ्या पेशी मरतात, मग रोज ताप का येत नाही? पेशी मरूच नयेत असं औषध का देत नाहीत? आणि स्टिरॉइड द्या म्हणून आपण आग्रह धरावा का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्ये २४ वर्षं लॅब चालवते. रुग्णाच्या उशाशी उभे असतात ते वॉर्डातले डॉक्टर, माझ्याकडे येतं ते रक्त, थुंकी, पू आणि छातीतलं पाणी. मेलेल्या पेशी मी रोज बघते, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहू शकते. पण तुमच्या वडिलांना काय द्यायचं हे त्यांना तपासणारेच ठरवतील. ऑक्सिजन किती लागतोय, साखर किती आहे, किडनी कशी आहे, एक्स-रेत डाग एका बाजूला आहे की दोन्ही, यावर उत्तर बदलतं, आणि यातलं काहीच तुमच्या प्रश्नात आलेलं नाही.

तुमचा पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकी दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात. 'पेशी मेल्या' एवढ्यावरून काही कळत नाही. पेशी कशी मेली आणि मेल्यावर तिला वेळेत कुणी उचललं का, यावर आजूबाजूच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी शांत राहायचं की पेटून उठायचं हे ठरवतात.

आधी रोजचं मरण. आपल्या हाडांतला मगज दररोज साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. रोज तेवढ्याच संपतातही, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण त्या ठरलेल्या पद्धतीने मरतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पानं गळणं. मायक्रोस्कोपखाली हे ओळखू येतं. एरवी न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार कप्प्यांचं असतं, तेच आक्रसून एक-दोन गोल, काळपट, गुळगुळीत मणी होतात. पेशी लहान होते, तिच्या पुड्या बांधल्या जातात, पण बाहेरचं आवरण फाटत नाही. आतलं आतच राहतं.

मरता मरता ती पेशी एक खूणही बाहेर मांडते. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक मेदयुक्त रेणू एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असतो, तो उलटून बाहेर येतो. मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी, ही खूण ओळखतात आणि अख्खी पेशी गिळतात. या उचलण्याला एफरोसायटोसिस म्हणतात. पुढचा भाग मला अजूनही विलक्षण वाटतो. अशी नीट बांधलेली पुडी गिळली की मॅक्रोफेजचा स्वभावच बदलतो. दाह वाढवणारी रसायनं तो कमी करतो आणि दाह शमवणारी टीजीएफ-बीटा, आयएल-१० यांसारखी सोडायला लागतो. १९९७-९८ च्या सुमारास हे प्रयोगांत स्पष्ट दिसलं. म्हणजे मेलेली पेशी नुसती उचलली जात नाही, जाताना ती 'आता थांबा' असा निरोपही देते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे मला यासाठी कांद्याची चाळ आठवते. चाळीत एखादा कांदा आपल्या सालीतच सुकतो. हातात घेतला की हलका लागतो, साल कोरडी असते, उचलून टाकला की झालं. शेजारच्या कांद्याला त्याची खबरही नसते. दुसरा कांदा मऊ पडतो, त्याला पाणी सुटतं, ते खालच्या थरात उतरतं. चार दिवसांनी हात घातला तर पायलीभर कांदे चिकट झालेले असतात. दोन्ही कांदे गेलेलेच, पण चाळीवर परिणाम अगदी वेगळा. उपमा इथपर्यंतच ताणावी. चाळीत सड पसरवणारे जंतूच असतात. शरीरात मात्र जंतू नसला तरी नुसती गळती पुरते, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं तेच समजून घ्यायचंय.

पेशी फुटून मेली, म्हणजे नेक्रोसिस झाला, की आतला माल बाहेर सांडतो. एटीपी हे पेशीचं इंधन बाहेर आलं की जवळची प्रतिकारपेशी सावध होते. केंद्रकात डीएनएला धरून असणारं एचएमजीबी-१ हे प्रथिन बाहेर दिसलं की मॅक्रोफेज दाहाची रसायनं ओतायला लागतो. युरिक आम्लही तेच करतं. आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तर फारच. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, अतिप्राचीन काळी पेशीत येऊन राहिलेल्या जिवाणूंचे वंशज, त्यामुळे त्यांचा डीएनए आणि काही प्रथिनं आजही जिवाणूंसारखीच दिसतात. २०१० मध्ये मोठ्या अपघातांतल्या जखमींच्या रक्तात हा डीएनए भरपूर सापडला. जंतुसंसर्ग नसतानाही त्यांच्यात सेप्सिससारखं, म्हणजे संसर्गाने अख्खं शरीर पेटल्यासारखं चित्र का दिसतं, याचं एक कारण त्यातून कळलं. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासक पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ मध्येच मांडलं होतं की प्रतिकारशक्ती फक्त 'आपला की परका' एवढंच बघत नाही, 'इथे मोडतोड झालीय का' हेही बघते. त्या विचाराला अशा निरीक्षणांनी बळ मिळालं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: रोज मरणाऱ्या पेशी सुकलेल्या कांद्यासारख्या मरतात आणि काही वेळातच उचलल्या जातात, म्हणून ताप येत नाही. न्यूमोनियात दोन्ही बिघडतं. मरण्याची पद्धतही बिघडते आणि उचलणंही मागे पडतं.

पद्धत बिघडवण्यात जंतूंचा मोठा हात असतो. न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोलायसिन नावाचं विष सोडतो. ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. स्टॅफिलोकॉकसकडेही अशी भोकं पाडणारी विषं आहेत. पण प्रत्येक फुटणं हे जंतूनेच केलेलं असतं असं नाही. आपल्या पेशी स्वतःहून, ठरवून फुटू शकतात. याला पायरोप्टोसिस म्हणतात, हे नाव २००१ मधलं, ग्रीकमधल्या अग्नीवरून आलेलं. पावसाळ्यात आपल्याकडे टायफॉइड येतो, त्या साल्मोनेलाच्या घराण्यातल्या जंतूंवरच्या अभ्यासातून हे बरंचसं उलगडलं. जंतू मॅक्रोफेजच्या आत शिरून बसला की मॅक्रोफेजला ते आतून कळतं, आणि गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन त्याच्याच आवरणात भोकं पाडतं. या प्रथिनाचं हे काम २०१५-१६ मध्ये सिद्ध झालं. त्या भोकांतून आयएल-१-बीटा बाहेर पडतं, आणि हेच रसायन मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्राला ताप चढवायला सांगतं. म्हणजे काही ताप हा मरणाऱ्या पेशीने शेवटी मारलेल्या हाकेमुळे येतो.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पेशी मरूच नयेत असं औषध का नाही? कारण संसर्गात पेशीचं मरण हा बऱ्याचदा बचाव असतो. जंतू आत लपला असेल तर ती पेशी मेली म्हणजे त्याची लपायची जागा गेली. विषाणूंना हे पक्कं ठाऊक असल्यासारखे ते वागतात. काउपॉक्सचा विषाणू पेशीला मरू न देणारं प्रथिन स्वतःबरोबर घेऊन येतो. त्यावर शरीराकडेही दुसरी वाट आहे. शांतपणे मरायचा रस्ता विषाणूने अडवला की पेशी नेक्रोप्टोसिस या पद्धतीने फुटते आणि गोंगाट करते. ज्या उंदरांमध्ये या रस्त्यातलं आरआयपीके-३ हे प्रथिन नव्हतं, ते व्हॅक्सिनिया विषाणूपुढे टिकले नाहीत. सरसकट मरण थांबवणारं औषध दिलं तर पहिला फायदा जंतूला होईल.

आणि शांत मरण नेहमी चांगलंच, असंही समजू नका. सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या प्लीहेत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने अपॉप्टोसिसने मेलेल्या दिसतात. तिथे गोंगाट नाही, पण सैन्यच उरत नाही, आणि मग दुसरा जंतू सहज पाय रोवतो. फ्लू उतरायला लागल्यावर आठवड्याभरात जिवाणूंचा न्यूमोनिया होतो, तो आपण बघतो. त्यामागच्या अनेक कारणांतलं एक हेही असावं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून दिसतं: पुड्या गिळून गिळून शांत झालेले मॅक्रोफेज नव्या जंतूला मारण्यात ढिले पडतात. शांतताही योग्य वेळीच यावी लागते.

आता उचलण्याबद्दल, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझं लक्ष तिकडे जातं. न्यूमोनियात फुप्फुसाचे लहान लहान फुगे आधी द्रवाने, मग लाखो न्यूट्रोफिलने भरतात. शिकत असताना शवविच्छेदनात असं फुप्फुस मी हातात घेतलं होतं. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं दबतं आणि पाण्यावर तरंगतं. हे यकृतासारखं घट्ट होतं, आणि कापलेला तुकडा पाण्यात टाकला तर तळाशी गेला. बरं व्हायचं असेल तर हा भरणा मुख्यतः मॅक्रोफेजनी आतून गिळून साफ करावा लागतो. म्हातारे होत चाललेले न्यूट्रोफिल अपॉप्टोसिसने मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतात, हे १९८९ मध्ये जॉन सॅव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. काम एवढं मोठं असतं की ताप दोन-चार दिवसांत उतरला तरी एक्स-रे स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागतात. वयस्कर आणि मधुमेही माणसात आणखी जास्त. म्हणून एक्स-रेमधला डाग सातव्या दिवशी तसाच दिसला तर एवढ्यावरून घाबरू नका.

पण उचलणाऱ्यांपेक्षा मरणारे जास्त झाले की नीट बांधलेल्या पुड्याही पडून राहतात आणि उशिरा का होईना फुटतात. सालीत सुकलेला कांदाही ओलीत राहिला तर शेवटी चिघळतोच, तसं. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात. मधुमेहात मॅक्रोफेजचं हे उचलण्याचं काम मंदावतं, असं जखमांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून वडिलांची साखर हे सूज उतरण्याशी थेट बांधलेलं प्रकरण आहे. 'आधी न्यूमोनिया बरा होऊ दे, साखरेचं नंतर बघू' असं घरी कुणी म्हणत असेल तर कृपा करून त्यांना थांबवा.

त्यात न्यूट्रोफिलची आणखी एक रीत आहे. २००४ मध्ये कळलं की न्यूट्रोफिल मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि जंतू त्यात अडकतात. जाळं कामाचं असतं, पण आवरलं नाही तर आपल्याच ऊतींना चरत बसतं. हा डीएनए मी डोळ्यांनी बघते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पूचा नमुना आला की लूपने थेंब उचलून स्लाइडवर ठेवते, आणि लूप वर घेताना तार येते. एकतारी पाकासारखी, बोटभर लांब, तुटता तुटत नाही. ती तार म्हणजे फुटलेल्या पेशींचा डीएनए. ग्रॅम स्टेन (जंतू दिसावेत म्हणून रंगवायची पद्धत) केला की गुलाबी चोथा दिसतो, त्यात केंद्रकांच्या विरघळलेल्या कडा आणि मधूनमधून एखादा जांभळा ठिपका, म्हणजे जंतू. कधी तोही नाही. पू म्हणजे जंतूंचा ढीग असं लोकांना वाटतं. खरं तर त्यात बहुतांश आपल्याच मेलेल्या पेशी असतात.

आता तुमच्या वडिलांच्या आकड्याकडे. सीआरपी यकृतात तयार होतो, आयएल-६ या दाहाच्या रसायनाने सांगितल्यावर. त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तास. म्हणजे यकृताला मिळणारा हुकूम थांबला तर रक्तातला सीआरपी दिवसाला निम्म्याहून थोडा जास्तच उतरायला हवा. म्हणून मी एका आकड्याला फार किंमत देत नाही, उतार बघते. पहिल्या दिवशी ३०० होता आणि आज १४० आहे, तर हळू का होईना गाडी खाली येतेय. पहिल्या दिवशी १६० होता आणि आज १४०, तर कुठेतरी हुकूम अजून सुटतोय. चौथ्या दिवसापर्यंत निम्म्यावर आला नाही तर शोधाशोध सुरू करायची, हा बहुतेक अनुभवी डॉक्टरांचा शिरस्ता आहे.

आणि इथे मला तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याला एक जोड द्यावीशी वाटते. 'मेलेल्या पेशींमुळे सूज' हे बरोबर असू शकतं, पण बाकी शक्यता तपासून झाल्यावर शेवटी काढायचा निष्कर्ष आहे तो. कल्चरमध्ये काही वाढलं नाही याचा अर्थ जंतू मेले असा होत नाही. नमुना घेण्याआधी गावातच दोन-तीन डोस अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जंतू जिवंत असूनही काचेत वाढत नाहीत. आपल्या भागातून येणाऱ्या रुग्णांमध्ये हे फार वेळा होतं. दुसरं म्हणजे क्षयरोग. जुना मधुमेह आणि न हटणारा न्यूमोनिया म्हटलं की थुंकीची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) व्हायलाच हवी. साध्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू येत नाही. तिसरं म्हणजे बुरशी. आणि चौथं, जे मी सर्वांत जास्त वेळा बघितलंय: फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साठलेलं पाणी किंवा पू.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आठवतात. ऐन गोडी छाटणीचे दिवस, त्यामुळे ताप अंगावर काढलेला. उपचार सुरू होऊन आठवडा झाला तरी ताप हटेना. अँटिबायोटिक दोनदा बदललेलं. छातीतलं थोडं पाणी सुईने काढून माझ्याकडे पाठवलं. सिरिंजमध्ये वरवर पिवळट गढूळ दिसत होतं, पण थेंब सोडताना तार आली. ग्लुकोज १८, आणि एलडीएच इतका की मशीनने आकडा दाखवायला नकार दिला, नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागला. एलडीएच हे पेशीच्या आतलं एन्झाइम, त्यामुळे ते बाहेर जितकं जास्त तितक्या पेशी फुटलेल्या. ग्लुकोज कमी कारण जंतू आणि न्यूट्रोफिल दोघांनी ते खाऊन टाकलं. कल्चर पुढे कोरंच राहिलं. मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता रात्री आठला डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच रात्री छातीत नळी घातली, पाऊण लिटर निघालं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सीआरपी रोज निम्मा होत उतरला. अँटिबायोटिक तेच चालू होतं. बदललं एवढंच की मेलेल्या पेशींचा साठा बाहेर पडला. मॅक्रोफेजना जे काम महिनाभरात झेपलं नसतं ते नळीने रात्रीत केलं.

कधी पू इतका दाट आणि जाळीदार असतो की नळीतूनही येत नाही. तिथे डीएनए कापणारं डॉर्नेज आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनतात ते चिकट धागे) विरघळवणारं टीपीए ही दोन औषधं नळीतून छातीत सोडतात. २०११ मध्ये झालेल्या चाचणीत दोन्ही एकत्र दिल्यावर पाणी चांगलं निघालं आणि शस्त्रक्रियेची गरज कमी पडली. एकेकटं देऊन फायदा झाला नाही. मेलेल्या पेशींचा डीएनए हाच उपचाराचा नेम असू शकतो, याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आता स्टिरॉइड. स्टिरॉइड हे पेटून उठलेल्या प्रतिकारपेशींना दाबतं. जिथे दाहच जास्त नुकसान करतोय आणि जंतूवर इलाज चालू आहे, तिथे त्याने जीव वाचलेत. जिवाणूंच्या मेंदूज्वरात अँटिबायोटिकने जंतू एकदम फुटतात, त्यांचे तुकडे दाह भडकवतात, म्हणून डेक्सामेथासोन पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत देतात. २००२ मध्ये मोठ्या माणसांत त्याचा फायदा दिसला. कोविडमध्ये २०२० च्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. २०२३ मध्ये आयसीयूतल्या गंभीर न्यूमोनियावर हायड्रोकॉर्टिसोनची फ्रेंच चाचणी आली, तिथेही मृत्यू घटले. पण ते औषध आजार गंभीर झाल्यापासून एका दिवसाच्या आत सुरू केलेलं होतं, आणि फ्लूचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते.

या सगळ्यात वेळ आणि रुग्णाची निवड हेच औषध आहे. सातव्या दिवशी, साखर वाढलेली असताना, छातीत पू आहे की नाही हे बघितलेलं नसताना स्टिरॉइड दिलं तर ताप उतरेल, सीआरपीही उतरेल, आणि पू तिथेच राहील. आकडे सुधारल्याने सगळे निर्धास्त होतील, हा त्यातला मोठा धोका. साखर चढेल ते वेगळंच. २०२१ च्या मे-जूनमध्ये नाशिकमध्ये म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे नमुने माझ्या टेबलावर आले. मधुमेह आणि स्टिरॉइड या जोडीने आलेले कितीतरी. केओएचच्या (बुरशी स्पष्ट दिसावी म्हणून घालायचं द्रावण) थेंबात रुंद, पट्टीसारखे, आडपडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फुटलेले धागे दिसायचे. नाकातली ती काळी खपली म्हणजे रक्तवाहिनी बुजून मेलेली ऊती. तिथे रक्तच पोचत नाही म्हणून औषधही पोचत नाही, आणि सर्जनला ती कापून काढावीच लागते. मेलेली ऊती जंतूला कसा आसरा देते ते त्या दोन महिन्यांत मी रोज बघितलं, आणि त्यांतले काही चेहरे माझ्या ओळखीचे होते. त्यामुळे 'स्टिरॉइडचा आग्रह धरावा का' याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. डॉक्टरांनी विचार करून दिलं तर घ्या. आपण होऊन मागू नका.

क्षयरोगाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे या सगळ्याचा उलटा अर्थ लावून लोक नुकसान करून घेतात. क्षयाच्या गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला की मध्यभागी नुसता गुलाबी, आकारहीन, चक्क्यासारखा भाग दिसतो. ती मेलेल्या पेशींची रास असते आणि भोवती मॅक्रोफेजचं कडं. जंतू पोटात घेतलेला मॅक्रोफेज शांतपणे मेला तर जंतू पुडीत बंद राहतो आणि दुसरा मॅक्रोफेज त्याला संपवू शकतो. तो फुटून मेला तर जंतू बाहेर पसरतात. क्षयाचे जहाल जंतू म्हणूनच पेशीला फुटण्याकडे ढकलतात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मानेची गाठ कमी व्हायच्या ऐवजी फुगते, कधी नवी येते. औषध लागू पडत असतानाही असं होऊ शकतं, कारण मेलेल्या जंतूंवर आणि पेशींवर प्रतिकारशक्ती जोराने तुटून पडते. काही जणांत जंतू औषधाला दाद देत नसतो, म्हणून तपासून घ्यायचं असतंच. पण 'गाठ वाढली, औषध चुकलं' असं स्वतः ठरवून गोळ्या बंद करणारे माझ्याकडे दरवर्षी पुन्हा सुईच्या तपासणीला येतात. तुमच्या वडिलांची सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर हे लक्षात ठेवा.

तर आता तुम्ही काय करायचं. उद्या राउंडच्या वेळी डॉक्टरांना चिडून विचारू नका, नीट विचारा: सीआरपीचे पहिल्या दिवसापासूनचे आकडे काय आहेत? छातीची सोनोग्राफी झाली का? थुंकीची सीबीनॅट पाठवली का? साखर दिवसातून किती वेळा बघतात आणि इन्सुलिन चालू आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. सोनोग्राफीत पाणी नसेल, सीबीनॅट निगेटिव्ह असेल, ऑक्सिजन कमी लागत असेल, जेवण वाढत असेल आणि सीआरपी हळूहळू उतरत असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. मॅक्रोफेज आपलं काम करताहेत, त्यांना वेळ द्या. वडिलांना उठवून बसवा, खोल श्वास घ्यायला लावा, खोकून बेडका काढू द्या. फुप्फुसातला तो भरणा बाहेर यायला तेवढाच एक उघडा रस्ता आहे.

पाणी निघालं तर नमुन्यावर पीएच (आम्लता; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त), ग्लुकोज आणि एलडीएच करायला सांगा. पीएच ७.२ च्या खाली, ग्लुकोज ६० च्या खाली किंवा एलडीएच १,००० च्या वर असेल तर कल्चरची वाट न बघता नळीचा विचार होतो. पीएचचा नमुना हेपरिन (गोठू न देणारं औषध) लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा राहू न देता, लगेच ब्लड गॅसच्या मशीनवर जायला हवा. साध्या बाटलीत घालून तासाभराने दुसऱ्या लॅबला पाठवला तर हवेमुळे पीएच खोटा वाढतो, आणि नळीची गरज असलेला माणूस नळीशिवाय राहतो. सिरिंजमध्ये डोळ्यांना दिसेल असा उघड पूच आला तर मात्र पीएचच्या मागे लागायचं नाही. दाट पू त्या मशीनमध्ये घालायचाही नसतो. तेव्हा सरळ नळी, आणि ती त्याच दिवशी.